निरोगी पेशीला विषाणू कॅन्सरच्या वाटेला कसा लावतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीजीवशास्त्र शिकवताना हा विषय दरवर्षी येतो आणि प्रश्नही जवळपास तेच येतात. काही एम.एस्सी.च्या वर्गातले असतात, काही नातेवाइकांनी जेवताना विचारलेले, तर काही कुणाच्या तरी बायोप्सीचा रिपोर्ट हातात धरून आलेले. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर हवा तो प्रश्न आधी वाचा.

पेशीचं ‘रूपांतरण’ म्हणजे नेमकं काय?

कोंबडीच्या गर्भातल्या किंवा उंदराच्या पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवल्या की त्या तळाला चिकटून पसरतात. लांबट, चपट्या, एकमेकींना समांतर. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर वाऱ्याने एका बाजूला झुकलेल्या गवतासारख्या दिसतात. वाढता वाढता शेजारणीला शेजारीण टेकली की विभाजन थांबतं. तळावर एक थर भरला की त्या शांत बसतात. वाढायला त्यांना सीरम (रक्तातला पातळ द्रव) लागतो, धरायला तळ लागतो, आणि ठरावीक वेळा विभागून झाल्या की त्या म्हाताऱ्या होतात. माणसाच्या पेशींसाठी ही मर्यादा पन्नासेक विभाजनांची असते, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवलं.

आता याच डिशमध्ये विशिष्ट विषाणू सोडा. आठवडाभरात त्या सपाट थरावर जागोजागी ढीग दिसायला लागतात. ढिगातल्या पेशी गोल झालेल्या असतात, तळावरची पकड त्यांनी सैल केलेली असते आणि त्या एकमेकींच्या अंगावर चढलेल्या असतात. अशा एका ढिगाला ‘फोकस’ म्हणतात. या पेशी कमी सीरमवर भागवतात, साखर भराभर ओढतात. तळच काढून घेतला, म्हणजे मऊ अगार या जेलीसारख्या पदार्थात त्यांना अधांतरी ठेवलं, तरी त्या वाढून गोळे बनवतात. निरोगी पेशी तिथे तशीच पडून राहते. स्वभावात झालेला आणि पुढच्या पिढ्यांत उतरणारा हा बदल म्हणजे रूपांतरण.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: जिवाणूंच्या धड्यात हाच शब्द बाहेरचा डीएनए आत घेण्यासाठी वापरतात. तो अर्थ वेगळा. परीक्षेत दोन्हींची सरमिसळ दरवर्षी होते.

मग रूपांतरित पेशी म्हणजेच कॅन्सरची पेशी का?

नाही, आणि म्हणूनच ‘कॅन्सरसारखी’ असं जपून म्हणतात. डिशमध्ये ढीग करणं वेगळं. जिवंत शरीरात रक्तवाहिन्या स्वतःकडे वळवून घेणं, प्रतिकारशक्तीला चकवणं, शेजारच्या ऊतीत घुसणं, दूरच्या अवयवात जाऊन मूळ धरणं ही फार मोठी मजल आहे. पेशी खरोखर गाठ करते का, हे पाहायला ती प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचतात. डिशमध्ये रूपांतरित ठरलेल्या सगळ्याच पेशी या चाचणीत गाठ करत नाहीत.

विषाणूमुळे कॅन्सर होतो हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

कोपनहेगनमध्ये विल्हेल्म एलरमान आणि ओलुफ बांग यांनी १९०८ साली कोंबड्यांचा रक्ताचा कर्करोग पेशीविरहित अर्काने दुसऱ्या कोंबड्यांना देऊन दाखवला होता. पण रक्ताचा कर्करोग हा कर्करोगच आहे, हे तेव्हा सर्वांना मान्य नव्हतं. त्यामुळे त्या कामाकडे फारसं लक्ष गेलं नाही.

लक्ष वेधलं ते पेटन राउस यांनी. १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्याकडे एक प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राउस यांनी गाठीचे तुकडे त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांत रुजवले आणि गाठी आल्या. इथपर्यंत नवल नव्हतं, कारण तुकड्यातल्या पेशीच तिथे वाढल्या असणार. मग त्यांनी गाठ वाटून तो अर्क जिवाणूही अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला. गाळलेल्या पाण्यात ना पेशी होती, ना जिवाणू. ते टोचल्यावरही गाठी आल्या. १९११ साली हा निष्कर्ष छापून आला.

पुढची गोष्ट वर्गात सांगताना मी नेहमी जरा थांबते. कोंबडीचं माणसाला लागू नाही, असं म्हणून बहुतेकांनी हे बाजूला सारलं. राउस यांनी उंदरांत असाच विषाणू शोधून पाहिला, सापडला नाही. ते दुसऱ्या कामाकडे वळले. रक्त टिकवून ठेवण्याचं द्रावण त्यांनी सहकाऱ्यांसोबत तयार केलं आणि पहिल्या महायुद्धात जखमींना रक्त देण्यासाठी ते उपयोगी पडलं. तीसच्या दशकात रिचर्ड शोप यांना रानसशांच्या अंगावर शिंगांसारखे चामखीळ करणारा विषाणू मिळाला, तेव्हा राउस या विषयाकडे परतले. नोबेल मिळालं १९६६ साली, म्हणजे त्या शोधानंतर ५५ वर्षांनी. तेव्हा त्यांचं वय ८७ होतं.

विषाणू शिरला की पेशी मरते ना? मग ती वाढते कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी पूर्ण गुण देते, कारण सगळी मेख इथेच आहे. मेलेली पेशी कॅन्सर करू शकत नाही. रूपांतरण व्हायचं तर पेशीने संसर्गातून वाचलं पाहिजे.

हे दोन प्रकारे घडतं. राउस विषाणूसारखे रेट्रोव्हायरस पेशीला सहसा मारतच नाहीत. ते आपला आराखडा तिच्या गुणसूत्रात घालून ठेवतात आणि पेशीच्या पडद्यातून कळीसारखे फुटून बाहेर पडतात. घर शाबूत, भाडेकरू कायमचा. दुसरा प्रकार डीएनए विषाणूंचा. एसव्ही४० हा माकडांचा विषाणू माकडाच्या पेशीत शिरला तर हजारो प्रती काढून ती फोडतो. तोच उंदराच्या पेशीत शिरला तर त्याला स्वतःच्या डीएनएची नक्कल करता येत नाही. पण सुरुवातीची एक-दोन प्रथिनं तो बनवतोच. अशा अर्धवट संसर्गात फार थोड्या पेशींमध्ये त्याच्या डीएनएचा तुकडा गुणसूत्रात अडकून बसतो, आणि त्या पेशी रूपांतरित होतात. विषाणूच्या बाजूने पाहिलं तर हा अपघातच म्हणायचा. तिथून तो पुढे कुठेही जाऊ शकत नाही.

राउस यांच्या विषाणूत असं होतं तरी काय?

हे उत्तर मिळायला सहा दशकं लागली आणि ते कुणालाच अपेक्षित नव्हतं.

आधी मोजण्याची सोय झाली. १९५८ साली कॅलिफोर्नियात हॅरी रुबिन आणि हॉवर्ड टेमिन यांनी कोंबडीच्या गर्भपेशींच्या थरावर विषाणू सोडून फोकस मोजण्याची पद्धत बसवली. आता कोंबडीत गाठ यायची वाट पाहायला नको. डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरून ढीग मोजायचे. टेमिन यांना दिसलं की रूपांतरित पेशीचा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण या विषाणूचं जनुकद्रव्य आरएनए. मग ते पेशीच्या वारशात जातं कसं? आरएनएवरून डीएनए तयार होत असणार, असं टेमिन म्हणत राहिले आणि बरीच वर्षं एकटे पडले. १९७० साली त्यांनी आणि सातोशी मिझुतानी यांनी, तसंच स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, हे काम करणारं विकर (एन्झाइम) विषाणूच्या कणातच शोधून दाखवलं. तेच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीतलं ‘आरटी’ म्हणजे हेच.

त्याच वर्षी स्टीव्ह मार्टिन यांनी राउस विषाणूचा एक विलक्षण उत्परिवर्तित प्रकार वेगळा काढला. इन्क्युबेटरचं तापमान कमी असलं तर पेशी रूपांतरित राहायच्या. चार-पाच अंशांनी वाढवलं की काही तासांत पुन्हा चपट्या, शहाण्या व्हायच्या. विषाणू मात्र दोन्ही तापमानांत सारखाच वाढत होता. म्हणजे रूपांतरण करणारं जनुक वेगळं होतं, आणि विषाणूला स्वतःच्या जगण्यासाठी त्याची गरज नव्हती. गाठीला सार्कोमा म्हणतात, त्यावरून त्या जनुकाचं नाव पडलं ‘सार्क’.

ज्याची गरज नाही, ते ओझं विषाणूने आणलं कुठून? सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप आणि हॅरल्ड वार्मस यांच्या प्रयोगशाळेत डॉमिनिक स्टेलां यांनी सार्कचा किरणोत्सारी डीएनए तुकडा तयार केला आणि तो निरोगी कोंबडीच्या डीएनएशी जुळतो का, ते पाहिलं. जुळला. मग लावा, टर्की, बदक आणि थेट एमूपर्यंत गेले. सगळीकडे जुळला, नातं जितकं लांबचं तितका थोडा कमी, इतकाच फरक. हे १९७६ साली प्रसिद्ध झालं. सार्क मुळात विषाणूचं जनुक नव्हतंच. ते पक्ष्याच्या निरोगी पेशीचं स्वतःचं जनुक होतं आणि कधीकाळी एका विषाणूने जाता जाता ते उचललं होतं. माणसातही ते आहे. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत, या क्षणी. हा शोध मी पंचवीसएक वेळा तरी शिकवला असेल. अजूनही त्या तासाला आवाज जरा चढतो.

आपल्याच पेशीचं जनुक, तर मग ते विषाणूत जाऊन घातक कसं झालं?

सार्कचं प्रथिन इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा ठिपका लावतं. हा ठिपका म्हणजे निरोप: हल, पकड सोड, विभागायला लाग. आपल्या पेशीतलं सार्क एरवी मिटलेलं असतं. त्याच्या शेपटीवर टायरोसिन हे अमिनो आम्ल असतं. त्यावर फॉस्फेट लागला की शेपटी प्रथिनाच्या अंगात अडकून बसते आणि पातं मुठीत मिटलेल्या चाकूसारखं ते निकामी राहतं. गरज पडली की उघडतं, काम झालं की मिटतं. विषाणूने उचललेल्या प्रतीत शेपटीचा तो शेवटचा भागच बदललेला आहे. त्यामुळे ते मिटूच शकत नाही. शिवाय विषाणू ते भरमसाट बनवतो. पेशीला तळाशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांवरही ठिपके पडतात, आतला सांगाडा विस्कटतो, पेशी गोल होते. पहिल्या उत्तरातला तो ढीग असा तयार होतो.

ठिपका टायरोसिनवर पडतो, हे कळलं त्यातही दैवाचा हात होता. १९७९ साली साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांनी जुनं झालेलं द्रावण वापरलं. त्याची आम्लता बदललेली होती आणि तेवढ्यामुळेच एरवी एकमेकांत मिसळून दिसणारे दोन डाग वेगळे झाले.

सगळे विषाणू असंच जनुक पळवतात का?

नाही. डीएनए विषाणूंची तऱ्हा निराळी, आणि माणसासाठी जास्त महत्त्वाची.

एसव्ही४०, सर्दी-खोकल्याचा अॅडिनोव्हायरस, आणि चामखीळ व गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा एचपीव्ही यांचा जनुकसंच छोटा असतो. एसव्ही४०चा तर फक्त ५,२४३ अक्षरांचा. स्वतःच्या डीएनएची नक्कल करायला लागणारी सगळी यंत्रणा त्यांच्याकडे नसते. ती पेशीची वापरावी लागते. पण शरीरातल्या बहुतेक पेशी विश्रांतीत असतात, त्यांची यंत्रणा बंद असते. गिरणी बंद आणि दळण घेऊन हा दारात उभा, अशी विषाणूची अडचण. म्हणून तो गिरणी जबरदस्तीने सुरू करतो.

पेशीत विभाजनाच्या दाराशी आरबी नावाचं प्रथिन राखण करतं. ते ई२एफ या प्रथिनाला धरून ठेवतं, त्यामुळे डीएनए बनवणारी जनुकं गप्प राहतात. एसव्ही४०चं लार्ज टी, अॅडिनोव्हायरसचं ई१ए आणि एचपीव्हीचं ई७ ही तिन्ही प्रथिनं आरबीला नेमकी एकाच जागी पकडतात. ई२एफ सुटतं आणि पेशी विभागायला निघते. तीन विषाणू, एकमेकांशी नातं जवळजवळ नाही, आणि तिघांनी एकच कुलूप फोडलं. १९८८-८९मध्ये हे लागोपाठ उघड झालं.

पण राखणदार एकच नाही. वेळेआधी विभाजन सुरू झालं की पी५३ हे प्रथिन जागं होतं. ते पेशीला थांबवतं, नाहीतर आत्मनाशाचा हुकूम देतं. म्हणून विषाणूला तिकडेही हात घालावा लागतो. लार्ज टी पी५३ला पकडून ठेवतं, अॅडिनोव्हायरसचं ई१बी त्याला अडवतं, आणि एचपीव्हीचं ई६ त्याला थेट पेशीच्या कचरायंत्राकडे पाठवून नष्ट करवतं. खरं तर पी५३ सापडलंच असं: १९७९ साली एसव्ही४०ने रूपांतरित केलेल्या पेशींतून लार्ज टी बाहेर काढताना त्याला चिकटून एक अनोळखी प्रथिन येत होतं. आज माणसाच्या निम्म्याच्या आसपास कर्करोगांत त्या जनुकात बिघाड आढळतो.

कोणता राखणदार महत्त्वाचा, हे आपल्याला विषाणूंनी दाखवलं. त्यांचा माग काढत गेलो म्हणून पेशीची कुलपं सापडली, असं माझं ठाम मत आहे.

काहीच न आणता, काहीच न फोडता विषाणू कॅन्सर करू शकतो का?

करू शकतो. रेट्रोव्हायरस गुणसूत्रात शिरतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना जनुक मोठ्याने वाचायला लावणारे भाग असतात. तो चुकून मिक या, पेशीला विभागायला लावणाऱ्या, जनुकाशेजारी बसला तर मिक अखंड चालू राहतं. कोंबड्यांच्या ल्यूकोसिस विषाणूत नेमकं असंच घडतं, हे १९८१ साली दिसलं. यासाठी वेळ लागतो, कारण कोट्यवधी जागांमधून नेमकी घातक जागा गाठायची असते.

उंदरांच्या स्तनकर्करोगाचा विषाणूही असाच. जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवलं की तो आईच्या दुधातून पिल्लांत जातो. पिल्लं दुसऱ्या आईला पाजायला दिली तर धोका कमी होतो. इथे एका मराठी बाईंचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कमल रणदिवे, जन्म १९१७, पुण्याच्या. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली उंदरांच्या स्तनकर्करोगावर काम केलं. नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, म्हणजे जिथे हीला या प्रसिद्ध कर्करोगपेशी (त्यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात) पहिल्यांदा वाढवल्या गेल्या तिथे. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. संप्रेरकं, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्या तपासत होत्या, तेही बाहेरच्या जगात याला नुकती मान्यता मिळू लागली होती त्या काळात. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेदही नसतो, याचं मला वाईट वाटतं.

विषाणू काढून टाकला तर पेशी पूर्वीसारखी होते का?

कधी कधी, हो. तापमानाचा प्रयोग वर आलाच आहे. ग्लासगोत मायकेल स्टोकर यांनी १९६८ साली पाहिलं की पॉलिओमा हा उंदरांचा विषाणू शिरलेल्या बऱ्याच पेशी काही विभाजनं अधांतरी वाढतात आणि मग निमूटपणे मूळ स्वभावावर येतात, कारण विषाणूचा डीएनए गुणसूत्रात बसलाच नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण हीला पेशींचं. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशी जगभर अजून वाढताहेत. त्यांच्यात एचपीव्ही-१८चा तुकडा आहे. इतकी वर्षं, इतकी उत्परिवर्तनं झाल्यावरही त्यांच्यातलं ई६ आणि ई७ बंद केलं की आरबी आणि पी५३ जागे होतात, आणि पेशी विभागणं सोडून म्हाताऱ्या होतात.

माणसात कोणते विषाणू हे करतात?

एचपीव्ही (गर्भाशयमुख, घसा, गुदद्वार), हिपॅटायटिस बी आणि सी (यकृत), एपस्टाइन-बार विषाणू (काही लिम्फोमा, नाकामागच्या घशाचा कर्करोग), एचटीएलव्ही-१ (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग), कापोसी सार्कोमाचा हर्पिस विषाणू आणि २००८ साली सापडलेला मर्केल पेशींचा पॉलिओमा विषाणू. जिवाणू आणि परजीवी धरून सगळ्या संसर्गांमुळे जगात २०१८ साली सुमारे २२ लाख नवे कर्करोग झाले, म्हणजे एकूण रुग्णांच्या १३ टक्के.

हिपॅटायटिसचा रस्ता बराच आडवळणाचा आहे. वर्षानुवर्षं यकृताची पेशी मरते, दुसरी तयार होते, सूज राहते, व्रण साचतात, आणि या धुमश्चक्रीत चुका साठत जातात. म्हणून बाळाला जन्मानंतर २४ तासांत देतात ती हिपॅटायटिस बीची लस ही खरोखर कर्करोगावरची लस आहे. तैवानने १९८४ साली ती नवजात बाळांना द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला. दवाखान्यात नर्सताई घाईघाईने टोचून जातात, आईला हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आले आहे. मला कॅन्सर होणार का?

बहुधा नाही. घाबरून जाऊ नका, पण तपासणी टाळूही नका.

हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघून जातो. धोका असतो तो वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या १६ आणि १८सारख्या प्रकारांचा. विषाणूचा डीएनए गोल असतो. तो कधी तुटून गुणसूत्रात शिरतो, तेव्हा अनेकदा ई२ हे जनुक तुटतं. ई२चं काम ई६ आणि ई७ला आवरण्याचं. लगाम तुटला की ती दोन्ही प्रथिनं अखंड तयार होतात, आणि मग पुढच्या चुका साठायला दहा-पंधरा वर्षं तरी लागतात. हाच काळ आपल्या हातात असतो. या काळात बदललेल्या पेशी तपासणीत सापडतात आणि कॅन्सर होण्याआधीच काढता येतात.

हे सिद्ध कुठे झालं, तर आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सहभागी करून घेतलं. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरातल्या तपासणीच्या धोरणांत त्याचा दाखला दिला जातो. गावात दवंडी ऐकून, संकोच बाजूला ठेवून ज्या बायका तपासणीला आल्या, त्यांचे उपकार जगावर आहेत.

विषाणू एचपीव्हीच आहे, हे हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४मध्ये दाखवलं होतं. त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. पुण्यात तयार झालेली सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ साली बाजारात आली. लस विषाणूच्या रिकाम्या कवचाची असते, आत डीएनए नसतो; तिच्यामुळे संसर्ग होऊच शकत नाही. मुलींना ९ ते १४ वयात दिली तर सर्वांत चांगलं.

मग कॅन्सरच्या रुग्णाजवळ बसलं, त्याच्या ताटात जेवलं तर?

काहीही होत नाही. कॅन्सर स्पर्शाने, श्वासाने, भांड्यांनी पसरत नाही. काही विषाणू पसरतात, तेही ठरावीक मार्गांनी, आणि विषाणू मिळालेल्या फार थोड्यांना पुढे कॅन्सर होतो. वेगळी ताटवाटी ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. कृपया असं करू नका.

(कुत्र्यांमधली लैंगिक संबंधातून पसरणारी गाठ आणि टास्मानियातल्या डेव्हिल प्राण्यांची तोंडाची गाठ खरोखर एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पण तिथे विषाणू नसतो. गाठीच्या जिवंत पेशीच जातात.)

कोंबडी खाल्ल्याने राउसचा विषाणू लागेल का?

नाही. पोल्ट्रीवाल्यांना परिचित असलेला मरेक्सही माणसाला लागत नाही. मरेक्स हा हर्पिस गटातला विषाणू. त्याने कोंबड्यांच्या नसांत आणि अवयवांत गाठी होतात, पाय लुळे पडतात. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाला टोचतात ती मरेक्सची लस. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ही कुठल्याही प्राण्याच्या कर्करोगावरची पहिली यशस्वी लस आहे.

पोलिओच्या लशीत कॅन्सरचा विषाणू होता असं वाचलं. खरं आहे का?

१९५५ ते १९६३ या काळातल्या काही लशींत एसव्ही४० होता, कारण लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. बर्निस एडी या शास्त्रज्ञ बाईंना त्या पेशींच्या अर्काने हॅमस्टरमध्ये गाठी आलेल्या दिसल्या होत्या. वरिष्ठांनी त्यांचं ऐकायला हवं होतं. सुदैवाने माणसांच्या दीर्घ पाठपुराव्यात त्यामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. पुढे लस एसव्ही४०मुक्त करण्यात आली. आजच्या बाळाला डोस द्यायला कचरू नका.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये केरास, ईआरबीबी२ असं लिहिलंय. याचा विषाणूशी काय संबंध?

नावापुरता, पण मोलाचा. केरासमधला ‘के’ म्हणजे कर्स्टन हे शास्त्रज्ञ. त्यांनी १९६७ साली उंदीर-घुशींवर काम करताना शोधलेल्या सार्कोमा विषाणूत हे जनुक होतं. ‘ईआरबीबी’ हे नाव कोंबड्यांच्या एरिथ्रोब्लास्टोसिस विषाणूचं. स्तनाच्या कर्करोगात तपासतात तो हर२ म्हणजेच ईआरबीबी२. तुम्हाला विषाणू झालाय असा याचा अर्थ अजिबात नाही. सार्कसारखीच ही जनुकं आपली आहेत, फक्त ओळख आधी विषाणूत पटली.

एबल जनुकही असंच, उंदरांच्या एबलसन विषाणूतून कळलेलं. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात ते दुसऱ्या जनुकाला जोडलं जाऊन सार्कसारखंच उघडं राहतं. त्याला मिटवणारी गोळी म्हणजे २००१ साली आलेली इमॅटिनिब. याच औषधाच्या पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळी रुग्णांना मिळत राहिली.

हे सगळं प्रत्यक्ष पाहता येईल का?

विद्यार्थी असाल तर हो, विषाणू न हाताळताही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडार आहे. तिथून महाविद्यालयांना पेशी मिळतात. एचईके२९३ मागवा. १९७३ साली अॅडिनोव्हायरसच्या डीएनएने रूपांतरित केलेल्या मानवी पेशींचा हा वंश. कोव्हिशील्डचा विषाणू अशाच पेशींत वाढवला गेला. त्याच्या शेजारी उंदराच्या थ्री-टी-थ्री पेशी लावा. चार दिवस दोन्ही डिश रोज पाहा. थ्री-टी-थ्रीचा थर भरला की सूक्ष्मदर्शकाखाली तो फरशीसारखा सपाट दिसेल. एचईकेची डिश हलक्या हाताने तिरकी करा. पेशींचे पुंजके तळ सोडून पाण्यावर तरंगायला लागतील. हूड वापरा, हातमोजे घाला, आणि टाकण्याआधी सगळं ऑटोक्लेव्ह करा.